जिल्ह्यात केमो आणताय, चांगलंच आहे, पण हृदय कोण बघणार? आरोग्य विभागाला खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य,
तसेच सार्वजनिक आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागातले सर्व अधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवते. डी.फार्म झालेली आहे, डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचताना कुणी म्हणायला नको की ही कोण आम्हाला शिकवणारी.

पत्र लिहायचं कारण असं की २०२५-२६ च्या केंद्राच्या बजेटमध्ये जाहीर झालं की ३ वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर सेंटर उभी करणार, त्यातली २०० त्याच वर्षात. म्हणजे केमोसाठी रात्रीची गाडी धरून मुंबई-पुणे गाठायचं, हॉस्पिटलच्या बाहेर फूटपाथवर पथारी टाकायची, उलट्या होत असताना एसटीने परत यायचं, हे सगळं वाचणार. घोषणा चांगली आहे आणि मी ती मनापासून चांगली म्हणतेय, टोमणा नाही. पण ह्या सेंटरांबद्दल जे काही माझ्या वाचनात आलं त्यात खुर्च्या किती, बेड किती, औषधं कुठली, नर्सचं ट्रेनिंग किती दिवसांचं हे सगळं होतं, हृदयाबद्दल एक अक्षर नव्हतं. आणि हे मला गप्प बसून बघवत नाही, कारण ते अक्षर नसलं की काय होतं ते आमच्या घरात झालेलं आहे.

माझ्या मोठ्या बहिणीला डाव्या बाजूचा ब्रेस्ट कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, त्यात ते लाल औषध होतं (डॉक्सोरुबिसिन, लघवीसुद्धा लाल होते, पेशंट घाबरतात), मग लाईट (रेडिएशन) झाली. सगळं नीट पार पडलं. पुढे वर्षभरानंतर ताईला हार्ट अटॅक आला. वेगळं हॉस्पिटल, वेगळे डॉक्टर, सरकारी आरोग्य योजनेतून अँजिओप्लास्टी, स्टेंट पडला, जीव वाचला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. पण डिस्चार्ज कार्डावर एक ओळ होती. 'केसीओ सीए ब्रेस्ट, पोस्ट केमो, पोस्ट आरटी'. मी रोज प्रिस्क्रिप्शन वाचते म्हणून मला कळली, अर्थ असा की ब्रेस्ट कॅन्सरची पेशंट, केमो आणि लाईट झालेली. ती ओळ लिहिणाऱ्याने लिहिली आणि संपलं, त्याच्या पुढे काहीही नाही. खाली सल्ला काय, तर मीठ कमी, तेलकट बंद, जड उचलायचं नाही, लांबचा प्रवास टाळा, रक्त पातळ करायच्या गोळ्या वर्षभर बंद करायच्या नाहीत. कॅन्सरच्या डॉक्टरला कधी दाखवायचं, दाखवायचं की नाही, ह्याबद्दल काही नाही.

लांबचा प्रवास टाळा म्हटल्यावर दाजींनी कॅन्सरचा फॉलोअप पुढे ढकलला. साहजिक आहे. मग काखेत गाठ लागली. कॅन्सरवाले म्हणाले बायोप्सी करायची, पण रक्त पातळ व्हायच्या गोळ्या चालू आहेत तर आधी हृदयाच्या डॉक्टरांचं फिटनेस घेऊन या. हृदयवाल्यांनी कागदावर लिहिलं 'मॉडरेट रिस्क', खाली सही, शिक्का. तो कागद घेऊन परत गेलो तर म्हणे मॉडरेट म्हणजे काय, गोळी थांबवायची का नाही ते लिहून आणा. दोन्ही डॉक्टरांकडे एकमेकांचा फोन नंबर नव्हता, मधे निरोप्या म्हणून दाजी. ह्यात किती वेळ गेला तो हिशोब मी इथे मांडत नाही. कॅन्सर परत आलेला होता. ताई आज ट्रीटमेंटवर आहे, हिंमतीची आहे.

आता ह्यावर कुणीही म्हणेल की बाई, कॅन्सर परत येतोच, त्याचा हार्ट अटॅकशी काय संबंध. मलाही तसंच वाटायचं. मग मी वाचत बसले, आणि जे वाचलं ते तुम्हालाही माहीत असायला हवं म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

२०१८ साली नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठातल्या हृदयतज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या उंदरांना मुळातच आतड्यात गाठी होतात अशा जातीचे उंदीर घेतले आणि त्यांच्यात हार्ट अटॅक घडवला, तर त्यांच्या आतड्यातल्या गाठी जास्त झाल्या, मोठ्या झाल्या. लोक म्हणणार की हृदय कमजोर झालं, रक्तपुरवठा बदलला, म्हणून असेल. तर त्यांनी काय करावं, असं निकामी झालेलं हृदय काढून दुसऱ्या उंदराच्या मानेत जोडलं. त्या उंदराचं स्वतःचं हृदय छातीत व्यवस्थित चालू, रक्ताभिसरणात काही गडबड नाही, मानेतलं आजारी हृदय नुसतं जादाचं. तरीही गाठी वाढल्या. म्हणजे आजारी हृदय रक्तात असं काहीतरी सोडतं ज्याने गाठीला खतपाणी मिळतं. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढे २०२० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टीमने थेट ब्रेस्ट कॅन्सरवर काम केलं. छातीत कॅन्सरची गाठ असलेल्या उंदराला अटॅक आला की ती गाठ अटॅक न आलेल्या उंदरापेक्षा साधारण दुप्पट वाढते असं त्यांना दिसलं. कारण त्यांनी शोधलं ते असं की अटॅकनंतर हाडांच्या मगजात तयार होणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं वागणंच बदलतं, ज्यांनी कॅन्सरशी लढणाऱ्या पेशींना मदत करायची त्याच आता त्यांना दाबून ठेवतात. ह्याच अभ्यासात सुरुवातीच्या स्टेजचा ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या बायकांची माहितीही तपासली. कॅन्सरचं निदान झाल्यावर ज्यांना अटॅक, स्ट्रोक किंवा हार्ट फेल्युअरसारखं काही झालं, त्यांच्यात कॅन्सर परत यायचा धोका ५९ टक्क्यांनी जास्त आणि कॅन्सरनेच मृत्यू होण्याचा धोका ६० टक्क्यांनी जास्त निघाला.

मी ताईच्या बाबतीत असं म्हणत नाही की अटॅकमुळेच कॅन्सर परत आला. एका पेशंटबद्दल तसं कुणीच सांगू शकत नाही. सगळ्या अभ्यासांचं उत्तर एकच आलंय असंही नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये कॅन्सर जास्त दिसला, पण अमेरिकेतल्याच पुरुष डॉक्टरांवर झालेल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात तसा संबंध दिसला नाही. हृदयाच्या पेशंटच्या तपासण्या जास्त होतात म्हणून कॅन्सर जास्त सापडतो, असाही मुद्दा आहे आणि तो खोटा नाही. २०१७ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या १० हजार लोकांवर सूज कमी करणाऱ्या एका महागड्या इंजेक्शनची ट्रायल झाली, त्यात फुफ्फुसाच्या कॅन्सरचं प्रमाण चक्क कमी झालं, सगळे खूश झाले, पण नंतर तेच इंजेक्शन कॅन्सर असलेल्यांना देऊन बघितलं तर फायदा झाला नाही. म्हणजे चित्र अजून पूर्ण नाही. पण ते पूर्ण होईपर्यंत दोन डॉक्टरांनी एकमेकांना फोन करायचा नाही असं थोडंच आहे?

आणि उलटी बाजू तर जुनीच आहे, तिच्याबद्दल कुणाच्याच मनात शंका नाही. त्या लाल औषधाचा हृदयावर परिणाम होतो आणि तो आयुष्यभरात एकूण किती डोस गेला त्यावर ठरतो. ट्रास्टुझुमॅब (ब्रेस्ट कॅन्सरच्या काही पेशंटना देतात ते इंजेक्शन) चालू असेल तर दर ३ महिन्यांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायची असते. डाव्या बाजूला लाईट दिली तर हृदयाला जितका डोस जातो तितका पुढे हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि तो पहिल्या ५ वर्षांतच वाढायला लागून पुढे २० वर्षं तरी राहतो. ह्या सगळ्यावर युरोपच्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये अख्खी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात कॅन्सरच्या उपचाराआधी पेशंटच्या हृदयाचा धोका तपासा, ईसीजी काढा, अशी औषधं असतील तर इको करा, असं स्पष्ट आहे. नवीन मी काहीच सांगत नाहीये.

आपल्याकडे तर हे जास्तच लागू आहे. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात आपल्या भागातल्या लोकांना पहिला अटॅक ५३ च्या आसपास येतो असं दिसलं, बाकीच्या देशांत तो ५९ च्या आसपास. ब्रेस्ट कॅन्सरही आपल्या बायकांना पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर होतो. दोन्ही एकाच वयात येऊन धडकतात, मुलांच्या लग्नाच्या, शेतीच्या कर्जाच्या, सासूच्या आजारपणाच्या वयात. त्यात तंबाखू आणि मिश्री, जी तोंडाच्या कॅन्सरलाही चालते आणि हृदयालाही. (गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणे. माझ्या मेडिकलपासून हाकेच्या अंतरावर किती बंदी आहे ते बघायला कधीही या, चहा माझ्याकडून.)

आता तक्रारी. शिवीगाळ करायची नाहीये, फक्त एकेक सांगते.

पहिली तक्रार कागदाची. योजनेत अँजिओप्लास्टीचं प्रकरण वेगळं, केमोचं वेगळं, प्रत्येकाचं अप्रूव्हल वेगळं, फाईल वेगळी. आरोग्यमित्र (हॉस्पिटलातला योजनेचा माणूस) बिचारा त्याच्या स्क्रीनवर जे उघडेल तेवढंच बघतो. पेशंट मात्र एकच. ताईच्या दोन प्लास्टिकच्या फाईली आहेत, एक हिरवी, एक निळी, आणि हिरव्या हॉस्पिटलात निळी काढली की 'ही नको, आमची द्या' असं ऐकायला मिळतं.

दुसरी तक्रार तपासण्यांची. इकोचे पैसे कुणी भरायचे? पॅकेजमध्ये आहे असं कागदावर असेलही, पण 'मशीन बंद आहे, बाहेरून करून आणा' हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा कॅन्सरचा पेशंट मला दाखवा. बाहेरून म्हणजे खिशातून. आणि मजुरीवरचा माणूस दर ३ महिन्यांनी खिशातून इको करेल का? पहिली करेल, दुसरी टाळेल.

तिसरी माझ्या काउंटरवरची, आणि ही मला सगळ्यात जास्त टोचते. एकाच पेशंटच्या दोन चिठ्ठ्या येतात, एक कॅन्सरची एक हृदयाची, आणि मला विचारतात, 'मॅडम, दोन्ही एकदम घेतल्या तर चालतंय का?' हा प्रश्न माझ्या काउंटरवर यायलाच नको. एका काकांना वॉरफरिन (रक्त पातळ करायची गोळी) चालू होतं आणि त्यांच्या केमोच्या गोळ्यांत कॅपेसिटाबीन लिहून आलं. ह्या दोन्ही एकत्र दिल्या तर रक्त प्रमाणाबाहेर पातळ होऊ शकतं, हे औषधाच्या आतल्या बारीक अक्षरांच्या कागदावर छापलेलं असतं. मी गोळ्या दिल्या नाहीत, डॉक्टरांना विचारून या म्हटलं, तर काका म्हणाले पोरी, दोघांतल्या कुठल्या डॉक्टरांना? माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि दुसरीकडे असेही येतात जे कॅन्सर कळल्यावर बीपीची, कोलेस्ट्रॉलची गोळी बंदच करून टाकतात, एवढा मोठा आजार झाल्यावर ह्या बारक्या गोळ्यांचं काय घेऊन बसलाय म्हणून. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की आत्ता तर ती गोळी जास्त गरजेची आहे.

चौथी तक्रार त्या 'फिटनेस' नावाच्या प्रकाराची. फिटनेस म्हणजे हृदयाचा डॉक्टर जबाबदारी कॅन्सरच्या डॉक्टरवर ढकलतो आणि कॅन्सरचा डॉक्टर त्याच कागदावर बोट ठेवून ती परत ढकलतो. कधी कधी चांगली केमो मिळू शकणाऱ्या माणसाला 'हृदय कमजोर आहे, झेपणार नाही' म्हणून अर्धवट उपचारावर ठेवतात, खरं तर हृदयाची औषधं आधी सुरू करून, जपून, पूर्ण उपचार देता येतात का हे बघायला हवं असतं. ते बघायला दोघांनी एकत्र बसावं लागतं.

पाचवी छोटीच आहे. केंद्राचा जो कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला त्याच्या नावातच कॅन्सर, मधुमेह, हृदयरोग आणि पक्षाघात अशी चार नावं एकत्र होती. २०२३ मध्ये नाव बदलून असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम झाला. आमची आशाताई त्याच कार्यक्रमात तिशीच्या वरच्या माणसांचा फॉर्म भरते, मग उपकेंद्रात बीपी, शुगर, तोंड, स्तन ह्या तपासण्या होतात. म्हणजे गावात एक आशाताई हे दोन्ही आजार एका फॉर्मवर आणू शकते आणि वर गेलं की मोठमोठ्या इमारतींमध्ये ते वेगळे होतात. अजब आहे की नाही?

मुंबईला निदान परळमध्ये टाटा आणि केईएम एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, एकीकडचा कागद दुसरीकडे न्यायला रस्ता ओलांडावा लागतो. नंदुरबार, गडचिरोली, हिंगोलीच्या पेशंटने कुठला रस्ता ओलांडायचा?

म्हणून मागण्या. ह्यातली एकही चंद्रावरची नाही.

१. जिल्ह्याच्या डे-केअर सेंटरमध्ये पहिली केमो लावण्याआधी प्रत्येक पेशंटचा ईसीजी, बीपी, शुगर झालीच पाहिजे, आणि हृदयावर परिणाम करणारं औषध असेल तर इको, फुकट, त्याच आवारात. जिथे हृदयतज्ज्ञ नाही तिथे फिजिशियनला आणि टेक्निशियनला ट्रेनिंग द्या, रिपोर्ट वर पाठवून तज्ज्ञाकडून वाचून घ्या. हार्ट अटॅकच्या पेशंटचा ईसीजी लांबून वाचून घ्यायची पद्धत राज्यात स्टेमी (मोठ्या हार्ट अटॅकसाठीच्या) प्रकल्पात आलेलीच आहे, तीच वाट कॅन्सरच्या पेशंटसाठी उघडी करा. मशीन आलं आणि चालवायला माणूस नाही असं मात्र करू नका, आमच्याकडे अशी मशीन प्लास्टिकच्या कव्हरमध्ये जन्म घेतात आणि कव्हरमध्येच म्हातारी होतात.

२. कॅन्सर होऊन गेलेल्या किंवा चालू असलेल्या पेशंटला अटॅक आला तर डिस्चार्जच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरशी बोलणं झालंच पाहिजे आणि ते बोलणं कार्डावर मराठीत लिहिलेलं पाहिजे. कोणती गोळी किती दिवस, कोणती तपासणी थांबवायची नाही, फॉलोअपची तारीख कोणती. ही ओळ नसेल तर योजनेचं बिल पास करू नका. बघा मग कशी भराभर लिहिली जाते.

३. प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजमध्ये आठवड्यातून एक दिवस हृदय आणि कॅन्सरचे डॉक्टर एका टेबलावर बसतील अशी ओपीडी. नवीन इमारत नको, नवीन पदसुद्धा लगेच नको, दोन खुर्च्या जवळ ओढायच्या आहेत.

४. योजनेत पेशंटची एकच नोंद दिसू द्या. त्यात लाल औषधाचा आतापर्यंतचा एकूण डोस, डावी की उजवी लाईट, स्टेंट कधी पडला, रक्त पातळ करायची गोळी कोणती, एवढं एका पानावर.

५. बार्शीत १९८७ पासून कॅन्सरची रजिस्ट्री (भागातल्या पेशंटची नोंदवही) चालते, देशातली पहिली ग्रामीण रजिस्ट्री, मुंबईची तर १९६३ पासूनची. हे आपलं धन आहे. कॅन्सरच्या पेशंटला नंतर अटॅक आला का, आल्यावर कॅन्सरचं काय झालं, हे ह्या नोंदींशी जोडून बघायला पैसे द्या. अमेरिकेतल्या बायकांचं काय होतं ते मी वाचलं, बार्शीच्या बायकांचं काय होतं ते मला वाचायचंय.

६. आशाताईंच्या यादीत कॅन्सर होऊन गेलेल्यांच्या नावापुढे खूण करा आणि त्यांचं बीपी, शुगर, तंबाखू ह्याकडे जास्त लक्ष ठेवायला सांगा. आणि साहेब, त्यांना ह्या जादा कामाचे पैसेही द्या, नुसतं सांगू नका.

ह्यातलं काय होईल, काय नाही, आणि जे होणार नाही ते का, एवढं लेखी कळवा ही विनंती. उत्तर मराठीत आणि मुद्दानिहाय हवं, 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' हे वाक्य माझ्याकडे आधीच भरपूर जमलंय.

जे बाकीचे लोक हे वाचताय त्यांच्याकडे एकच मागणं. आपापल्या जिल्हा शल्यचिकित्सकांना माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी विचारा. इको मशीन चालू आहे का, ते चालवणारा माणूस कायम आहे की आठवड्यातून एकदा येतो, आणि डे-केअर सेंटरमध्ये केमोआधी हृदयाची तपासणी करायचा लेखी नियम आहे का. अर्जाला १० रुपये लागतात. मसुदा लागला तर माझ्या दुकानात या, झेरॉक्स काढून ठेवल्यात.

आपली नम्र,
एक मेडिकलवाली, जिल्हा लातूर